विजेने जुळवलेली घड्याळं

३१ मे २०१३ची संध्याकाळ. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात एल रेनो गावाभोवती मैलामैलावर छेदणारे सरळसोट रस्ते, मधे सपाट शेतं, आणि कडेला थांबलेल्या गाड्यांमधले कॅमेरे एकाच ढगावर रोखलेले. सहाच्या सुमारास टॉर्नेडो ‘जमिनीवर उतरला’. चाळीस मिनिटांत त्याची रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत गेली.

आपला वळीव तासाभरात दमतो; त्याचाच पाऊस कोसळताना वर चढणाऱ्या उबदार हवेची वाट अडवतो. एल रेनोवरचा ढग सुपरसेल होता. तिथे उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग बदलतो, म्हणून पाऊस बाजूला पडतो, चढता झोत टिकतो आणि गरगरू लागतो.

हे गरगरणं रडारला दिसतं. पण पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरच्या रडारचा किरण ढगाच्या वरच्या अंगालाच लागतो. घरं, झाडं, माणसं असतात तो तळचा थर दिसतो रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला. १९७३ साली युनियन सिटीच्या टॉर्नेडोचं चित्रीकरण नॉर्मन शहरातल्या डॉप्लर रडारच्या नोंदींशी ताडलं, तेव्हा टॉर्नेडोची रडारवरची खूण उमगली.

एल रेनोच्या चित्रफिती अनेकांच्या, घड्याळं मागेपुढे. संशोधक अँटन सायमन आणि सहकाऱ्यांनी ती विजेवर जुळवली. वीज चमकली की सगळ्या कॅमेऱ्यांत एकाच क्षणी उजेड पडतो, आणि त्या क्षणाची नेमकी वेळ वीज नोंदवणाऱ्या केंद्रांकडे असते. मग खांब-झाडांवरून कॅमेऱ्याची जागा काढायची. दोन जागांवरून धरलेल्या दिशा जिथे छेदतात, तिथे टॉर्नेडो. ज्या विजेची धास्ती, तिलाच घड्याळ करणारी ही युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते.

त्याच संध्याकाळी टॉर्नेडो-अभ्यासक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग या टॉर्नेडोत मरण पावले. २००३ साली साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या समारास यांच्या उपकरणाने हवेचा दाब १०० मिलिबारने घसरल्याची नोंद केली होती. इतक्या जाणत्या माणसालाही एल रेनोच्या वावटळीने अचानक वळून, वेग वाढवून गाठलं. पावसाच्या पडद्याआड तिची कड दिसतच नव्हती.

जाना हाउझर या संशोधिकेने पुढे एल रेनोचे रस्त्यावरून टिपलेले फोटो चाळले. एका फोटोत टॉर्नेडो जमिनीवर स्पष्ट उभा होता, रडारवर दिसण्याच्या काही मिनिटं आधी. २०१८ साली तिने चार टॉर्नेडोंचे निष्कर्ष मांडले. त्यांतला एकही, समजलं जातं तसा, ढगातून वरून खाली उतरला नव्हता.