झाकलेले उत्तर

सरावासाठी प्रश्न देणाऱ्या पुष्कळ वेबपानांवर प्रश्नाखाली ‘उत्तर पाहा’ असे बटण असते. ते दाबले की उत्तर दिसू लागते. हे उत्तर येते कोठून? एक सोपा प्रयोग करा. पान पूर्ण उघडू द्या, मग इंटरनेट बंद करा आणि बटण दाबा. तरीही उत्तर दिसले, तर ते आधीच तुमच्या संगणकात येऊन बसले होते, फक्त झाकलेले होते! दिसले नाही, तर ते बटण दाबल्यावर दूरच्या सर्व्हरकडून मागवले जाते, असे समजा.

हे झाकण घालते स्टाइलशीट. पानावर काय काय आहे ते एचटीएमएलमध्ये लिहिलेले असते. ते कसे दिसावे हे सीएसएसचे नियम ठरवतात. या नियमांची कल्पना होकोन विऊम ली यांनी १९९४ साली मांडली. लपवण्याच्या तीन तऱ्हा पंगतीवरून चटकन कळतील. ‘डिस्प्ले’ला ‘नन’ म्हटले, की माणूस पाटासकट उठतो आणि पुढचे सारे सरकून जागा भरतात. ‘व्हिजिबिलिटी’ला ‘हिडन’ म्हटले, की माणूस दिसत नाही, पण पाट मांडलेलाच राहतो. ‘ओपॅसिटी’ शून्य केली, तर मात्र माणूस पाटावरच असतो, अदृश्य होऊन! अशा अदृश्य बटणावर चुकून बोट पडले तर ते दाबलेही जाते, बरे का.

मग बटण काय करते? १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तयार केलेल्या जावास्क्रिप्ट भाषेतली छोटीशी आज्ञावली ‘नन’ काढून तेथे ‘ब्लॉक’ हा शब्द ठेवते. उत्तराचे एक अक्षरही ती लिहीत नाही. ब्राउझर पान नव्याने मांडतो, खालचा मजकूर खाली सरकतो, झाले!

तिसऱ्या तऱ्हेत एक मोठी गोम आहे. अंध विद्यार्थी पान वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. पहिल्या दोन तऱ्हांनी झाकलेला मजकूर तो वाचत नाही. अदृश्य केलेला मात्र खुशाल वाचतो. म्हणजे प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर कानावर! बिचाऱ्याने विचार करायचा केव्हा? एचटीएमएलमधील ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ ही जोडी वापरली तर जावास्क्रिप्टशिवाय उघडझाप होते, आणि भाग उघडा आहे की मिटलेला हेही त्या प्रोग्रामला कळते.

आता शिक्षकांसाठी. सरावाला झाकलेले उत्तर चालेल, पण खऱ्या परीक्षेला ते पानाबरोबर पाठवूच नये. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरांत कंट्रोल आणि यू या कळा एकदम दाबल्या की पानाचा मूळ मजकूर उघडतो, आणि ‘नन’ असो की ‘हिडन’, त्यात लिहिलेले उत्तर सरळ वाचता येते. उत्तरे सर्व्हरवरच ठेवावीत. विद्यार्थ्याने लिहिलेले तेथे जावे, आणि परत यावेत ते फक्त गुण.