देखभाल-अवधी
देखभाल-अवधी म्हणजे कार्यालयीन कामकाज संपल्यावर संगणकांवर सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, अर्थात पॅच, बसविण्यासाठी राखून ठेवलेली वेळ होय. मायक्रोसॉफ्टच्या 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' या प्रणालीत ही वेळ एकेका संगणकाला नव्हे, तर संगणकांच्या गटाला नेमून दिली जाते. खरी गोम येथेच आहे. एकच संगणक दोन गटांत असल्यास दोन्ही गटांच्या वेळा त्याला लागू होतात. त्यामुळे रात्रीसाठी निवडलेले यंत्र भरदुपारी, कोणी काम करीत असतानाही, बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून गट आखताना विशेष दक्षता घ्यावी लागते. दिरंगाईही तितकीच महाग पडते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने दिलेली दुरुस्ती न बसविलेले असंख्य संगणक १२ मे रोजी 'वॉनाक्राय'च्या तडाख्यात सापडले; इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.