हळवा स्वभाव आणि कृपेचे कार्य

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका धर्मशिक्षकाने प्रकृतीचे कारण सांगून रविवारचा वर्ग सोडला. माणूस अभ्यासू, मुलांवर माया करणारा. आजाऱ्याच्या घरी गेला म्हणजे कोणी न सांगता त्याच्या ध्यानी येई की, या घरात सकाळपासून चूल पेटलेली नाही. वर्ग सोडण्याचे खरे कारण पुष्कळ दिवसांनी समजले. सणाच्या तयारीच्या सभेत मी सर्वांदेखत त्याची एक चूक दाखवून दिली होती. माझ्या लेखी ती दोन वाक्यांची गोष्ट. त्याच संध्याकाळी मी ती विसरलो. त्याने मात्र त्या दोन वाक्यांपायी कित्येक रात्री जागून काढल्या होत्या. ‘इतके मनाला लावून घ्यायचे नसते,’ हा त्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला उद्गार. आज विचार करता वाटते की, सभेतील बोलणे ही पहिली चूक असेल, तर हा उद्गार दुसरी होती.

अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. सेमिनरीत असतात, मठांत असतात आणि वेदीवरही उभी असतात. त्यांना आपण ‘नाजूक मनाचा’, ‘चटकन रडणारी’, ‘लाजाळूचे झाड’ अशी नावे देतो आणि एक तर त्यांची थट्टा करतो, नाही तर त्यांना टाळतो. या स्वभावाचे स्वरूप काय, धर्मदृष्ट्या त्याचे मोल काय आणि आपल्या सेवाकार्यात त्याचे संगोपन कसे करावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

१. स्वभावाचे स्वरूप

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इलेन ॲरन यांनी या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास केला. ‘द हायली सेन्सिटिव्ह पर्सन’ हे त्यांचे पुस्तक १९९६ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, पती आर्थर ॲरन यांच्यासमवेत त्यांनी या विषयावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मते अतिसंवेदनशील माणसाची चार लक्षणे दिसतात. तो प्रत्येक अनुभवावर खोलवर विचार करतो. गलका, गर्दी, प्रखर उजेड व घाईगर्दी यांनी लवकर थकतो. स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या भावनांनी तीव्रतेने हेलावतो. आणि इतरांच्या नजरेतून निसटणाऱ्या बारीकसारीक गोष्टी त्याला जाणवतात. चूल पेटलेली नाही हे ओळखणारा आणि दोन वाक्यांनी घायाळ होणारा माणूस एकच असतो, याचे कारण येथे सापडते. मनाचे एकच दार दोन्हीकडे उघडते.

हा आजार नव्हे. रोगांच्या वैद्यकीय याद्यांत त्याची गणना होत नाही. माणसांचे ‘हळवे’ व ‘निबर’ असे दोनच वर्ग पडतात, असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ३१ टक्के प्रौढ अधिक संवेदनशील, ४० टक्के मध्यम आणि २९ टक्के कमी संवेदनशील आढळले. जुळ्या भावंडांच्या २०२० मधील एका अभ्यासावरून असे दिसते की, माणसामाणसांतील या फरकांपैकी जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक असून उरलेला परिस्थितीने घडतो. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट संशोधकांनी वारंवार नोंदविली आहे. अशा स्वभावाचे मूल कठोर वातावरणात इतरांपेक्षा अधिक कोमेजते. पण तेच मूल मायेच्या व शिस्तीच्या वातावरणात इतरांपेक्षा अधिक बहरते. धर्मशिक्षकाच्या हाती किती मोठी गोष्ट सोपविलेली आहे, हे यावरून ध्यानी यावे.

२. गुण की दोष?

हळवेपणा आपल्या इच्छेने आलेला नसतो. म्हणून तो पाप ठरत नाही, आणि त्याच कारणाने तो पुण्यही ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी मनोविकारांविषयी जे विवेचन केले, त्याचे सार असे की, भावना स्वतः नैतिकदृष्ट्या बऱ्याही नसतात व वाईटही नसतात. बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांना कोणते वळण देतात, त्यावर त्यांचे बरेवाईटपण ठरते. त्यांचाच दुसरा सिद्धान्त आपणां सर्वांस परिचित आहे : कृपा निसर्गाचा नाश करीत नाही, त्याला पूर्णत्व देते. हळव्या माणसाला निबर बनविणे हे कृपेचे कार्य नाही. लाझाराच्या कबरेशी प्रभू येशू रडला (योहान ११:३५). आपण त्याला पुन्हा उठविणार, हे ठाऊक असूनही रडला. तेव्हा अश्रूंची लाज बाळगण्याचे कारण नाही.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. हळवे मन जितके दुसऱ्याकडे वळू शकते तितकेच ते स्वतःभोवती गुरफटूही शकते. ‘मला किती लागले!’ या एकाच विचारात गुंतलेला माणूस दुसऱ्याला लागलेले पाहीनासा होतो. ‘माझा स्वभावच असा,’ असे म्हणून हळवेपणाची ढाल पुढे करणारा आणि हळवेपणावरून स्वतःला रात्रंदिवस दूषणे देणारा, हे दोघेही स्वतःकडेच पाहत असतात. मग या स्वभावाने नीट जगावे कसे? याचे उत्तर सिद्धान्तापेक्षा एका चरित्रात अधिक स्पष्ट मिळते.

३. संत तेरेजेचा अनुभव

लिझ्यूची संत तेरेजा २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसाँ येथे जन्मली. साडेचार वर्षांची असताना आई वारली आणि खेळकर मुलगी एकाएकी भित्री व अबोल झाली. कोणी नुसते रोखून पाहिले तरी तिच्या डोळ्यांत पाणी येई. चुकून कोणाला दुखविले तर ती रडे, आणि रडे ओसरल्यावर आपण रडलो म्हणून पुन्हा रडे, असे तिने आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्यांनी असे मूल वर्गात पाहिले आहे, त्यांना या वर्णनातील सत्य लगेच पटेल.

१८८६ च्या नाताळच्या रात्री एक छोटीशी घटना घडली. मध्यरात्रीच्या मिस्साहून घरी परतल्यावर चुलाण्याजवळ ठेवलेल्या जोड्यांतून भेटवस्तू काढण्याची घरची रीत होती. थकलेले वडील त्रासून म्हणाले की, बरे झाले, हे शेवटचेच वर्ष. जिन्यावर असलेल्या तेरेजेने ते ऐकले. सेलीन या बहिणीने तिला सांगितले की, आत्ताच खाली जाऊ नकोस, रडशील. परंतु तेरेजेने अश्रू आवरले, ती खाली गेली आणि वडिलांसमोर आनंदाने एकेक भेट उलगडू लागली. वडीलही हसले. या रात्रीला ती आपले परिवर्तन म्हणते. येथे नेमके काय बदलले हे पाहावे. तिचे मन दगडाचे झाले नाही. वडिलांचे शब्द तिला लागलेच. पण त्या क्षणी तिचे लक्ष आपल्या जखमेवरून वडिलांच्या थकव्याकडे वळले. तीच संवेदना, तेच हृदय. दिशा मात्र बदलली.

९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती कार्मेल मठात गेली. तेथेही तिची संवेदनशीलता संपली नाही. तिने सांगितलेले तीन प्रसंग आपल्याला फार उपयोगी आहेत.

पहिला प्रसंग असा. सायंकाळच्या ध्यानाच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत विचित्र बारीक आवाज करी. मागे वळून तिच्याकडे पाहावे, अशी तेरेजेला अनावर इच्छा होई. ती आवरताना तिला घाम फुटे. शेवटी तिने आवाज टाळण्याचा प्रयत्नच सोडला. जणू सुरेख संगीत चालले आहे असे मानून तो लक्षपूर्वक ऐकला आणि ते ‘संगीत’ येशूला अर्पण केले. दुसरा प्रसंग धुण्याच्या जागेवरचा : समोरच्या भगिनीच्या धुण्यातील मळके पाणी तिच्या तोंडावर उडे. मागे सरून तोंड पुसण्याची इच्छा तिने बाजूस सारली.

तिसरा प्रसंग आपण सहसा सांगत नाही. आजारी मठाध्यक्षांच्या खोलीत किल्ल्या ठेवण्यावरून एकदा वाद झाला आणि दोष तेरेजेवर आला. स्वतःची बाजू मांडू लागलो तर मनाची शांती ढळेल आणि ऐकून घेत तेथे उभे राहण्याचेही बळ नाही, हे तिने ओळखले. ती सरळ तेथून निघून गेली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. छाती धडधडत होती. माघार हाही तिच्या लेखी विजयाचा एक मार्ग होता. जे सोसता येईल ते प्रेमाने सोसावे, जे बदलत नाही त्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी आणि जे झेपत नाही तेथून वेळीच दूर व्हावे, असे तिन्ही मार्ग त्या एका तरुण संताने वापरले. आपण मात्र हळव्या माणसाला बहुधा पहिलाच मार्ग सांगतो आणि तिसरा सांगावयास विसरतो. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती मरण पावली. १९९७ साली ख्रिस्तसभेने तिला ‘धर्मपंडित’ ही पदवी दिली.

४. संशयपीडा : कुमसार ऐकणाऱ्यांसाठी

हळव्या मनाला एक विशिष्ट रोग जडण्याचा धोका असतो. जेथे पाप नाही तेथे पाप दिसू लागते आणि क्षमा मिळूनही समाधान होत नाही. याला लॅटिन भाषेत ‘स्क्रुप्युलस्’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेला खडा दिसत नाही. पण पाऊल टाकू देत नाही. तेरेजेला १८८५ पासून सुमारे दीड वर्ष हा त्रास झाला. ती आपल्या सर्व शंका थोरली बहीण मारी हिच्यापाशी बोले, आणि त्यांतील काय पापनिवेदनात सांगावयाचे हे मारी ठरवून देई.

संत इग्नाशियस लोयोला यांनाही १५२२ साली मान्रेसा येथे ही पीडा इतकी झाली की, जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. जे अगदी स्पष्ट असेल तेवढेच गतपाप पुन्हा सांगावे, असे त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने सांगितले. पण इग्नाशियसना सर्वच स्पष्ट वाटत असल्याने त्या सल्ल्याचा उपयोग झाला नाही! अशा मनाला मोघम सूट पुरत नाही, हा धडा आपण त्यातून घ्यावा. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी याविषयी टिपणे लिहिली. शत्रू निबर मनाला अधिक निबर आणि तरल मनाला अधिकच तरल करू पाहतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या ओढीच्या विरुद्ध दिशेने जाऊन मध्यावर स्थिर व्हावे, असा त्यांचा नियम आहे. निबर माणसाला जे प्रवचन औषध ठरते, तेच संशयग्रस्ताला विष ठरू शकते, हे आपण व्यासपीठावरून बोलताना विसरू नये.

५. आचरणातील काही सूचना

धर्मशिक्षकांनी हळव्या मुलाची चूक वर्गासमोर न दाखवता एकट्याला जवळ घेऊन सांगावी. चूक सांगू नये असे नाही. असे मूल हळू आवाजातील एक वाक्यही पूर्ण ऐकते. नरकाची वर्णने रंगवून सांगण्याचा मोह टाळावा. सणाच्या ध्वनिवर्धकाने किंवा बाजाने मूल कावरेबावरे झाले, तर त्याला मागच्या बाकावर जागा द्यावी आणि त्याची थट्टा होऊ देऊ नये.

पापनिवेदन ऐकताना संशयग्रस्ताला शक्यतो एकाच धर्मगुरूकडे जाण्यास सांगावे, त्याला थोडक्या शब्दांत निश्चित उत्तर द्यावे आणि क्षमा झालेल्या पापांची पुनरुक्ती थांबवावी. आठवडेच्या आठवडे झोप व अन्न तुटले असेल, एकच कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय राहवत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो नुसता स्वभाव राहिलेला नसतो. तेव्हा प्रार्थनेबरोबर वैद्याकडे जाण्याचा आग्रह तेथल्या तेथेच धरावा. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावून ठेवावा. असा सल्ला दिल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने आधी भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खावयास दिले; होरेब डोंगरावरील मंद वाणी त्यानंतरची आहे (१ राजे १९).

हळव्या मनाच्या धर्मगुरुबंधूंना एवढेच सांगावेसे वाटते. दोन अंत्यविधी, एक भांडण आणि एक सभा एकाच दिवशी आटोपल्यावर आपण गळून गेलो तर तो श्रद्धेचा अभाव समजू नये. दिवसातील एक तास निःशब्द राखावा, झोप राखावी, रात्री आलेल्या कठोर पत्राला किंवा संदेशाला सकाळपर्यंत उत्तर देऊ नये. प्रभूनेही कामावरून परतलेल्या शिष्यांना एकान्ती विसाव्यास बोलाविले (मार्क ६:३१). मात्र विसावा घ्यावयाचा तो पुन्हा लोकांत जाण्यासाठी, हे स्मरावे.

प्रारंभी ज्यांचा उल्लेख केला, त्या धर्मशिक्षकांच्या घरी मी उशिरा का होईना गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, डोळे पुसले, वर्ग पुन्हा घेण्यास मात्र ते राजी झाले नाहीत. मीही आग्रह धरला नाही. काही दिवसांनी त्यांनी आपण होऊन विचारले की, अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी पवित्र साक्रामेंत घेऊन जाताना मी तुमच्याबरोबर येऊ का? तेव्हापासून ते येतात. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर कधी बोलावे आणि कधी नुसता हात धरावा, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकत आहे.