बॅटरीवरचा आकडा

२०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, सेंट पीटर्सबर्ग या शहरी, ई-सिगारेटचा स्फोट होऊन एका गृहस्थाचा मृत्यू झाला. उपकरणाचे तुकडे त्याच्या डोक्यात घुसले आणि खोलीला आग लागली. पुढे आठ महिन्यांनी, २०१९ च्या जानेवारीत, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे दुसरा बळी गेला. या वेळी धातूचा तुकडा मानेत शिरून मेंदूला रक्त पुरविणारी धमनी तुटली. या दोन्ही मृत्यूंचा तंबाखूशी अथवा निकोटीनशी थेट संबंध नव्हता. स्फोट झाला तो उपकरणातल्या बॅटरीचा.

ई-सिगारेटची चर्चा निघाली की फुप्फुसांचे आरोग्य, तरुणांचे व्यसन आणि तंबाखू कंपन्यांचे डावपेच यांवरच ती संपते. त्या चर्चेचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्या गदारोळात बॅटरीचा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील आगीच्या आणि स्फोटाच्या १९५ घटनांची नोंद आहे. त्यांत १३३ जण जखमी झाले आणि त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना, ६० प्रत्यक्ष वापर चालू असताना आणि ४८ बॅटरी चार्ज होत असताना घडल्या. हा हिशेब मुख्यतः वृत्तपत्रीय बातम्यांवर आधारलेला होता. रुग्णालयांच्या नोंदींवरून पुढे झालेल्या एका अभ्यासाने २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत असे सुमारे २,०३५ रुग्ण अमेरिकेतील तातडीच्या उपचार विभागांत आले असावेत, असा अंदाज बांधला. बातमीत येते त्याहून किती तरी अधिक घडते, हे यावरून उघड व्हावे.

साधे गणित

ई-सिगारेटची रचना मुळात साधी आहे. तारेचे एक लहानसे वेटोळे, ज्याला वापरणारे ‘कॉइल’ म्हणतात, त्यातून ओवलेला कापूस, कापसात मुरलेला द्रव आणि तार तापविणारी बॅटरी. बाजारातील तयार उपकरणांत बहुधा एक इलेक्ट्रॉनिक मंडल असते. तारेचा रोध धोक्याइतका कमी झाला किंवा कुठे तार तारेला चिकटली, तर ते प्रवाह तोडते. हौशी मंडळींना मात्र हा पहारेकरी नकोसा वाटतो. अधिक दाट वाफ, कमी खर्च आणि स्वतःच्या हातांनी काही घडविल्याचा आनंद यांसाठी ते घरी बसून तार गुंडाळतात आणि ‘मेकॅनिकल मॉड’ नावाच्या उपकरणात ती बसवतात. हे उपकरण म्हणजे एक धातूची नळी, एक सेल आणि एक बटण. बटण दाबले की सेलमधील सारी शक्ती थेट तारेत उतरते. मध्ये अडविणारे कोणी नसते.

अशा वेळी पहारेकऱ्याचे काम वापरणाऱ्याच्या गणिताला करावे लागते. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला आणि माध्यमिक शाळेत प्रत्येक विद्यार्थी घोकतो तोच हा नियम. विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो. वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम असेल तर धारा ८.४ अँपिअर येईल. ०.२ ओहमला ती २१ होईल आणि ०.१ ओहमला ४२. या कामी सर्रास वापरला जाणारा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो व त्यावरूनच त्याला ‘१८६५०’ हे नाव पडले. त्यांतले नामांकित आणि जोरकस सेलही सातत्याने साधारण २० ते ३० अँपिअरच पेलू शकतात. एकाऐवजी दोन सारखी वेटोळी समांतर जोडली तर रोध निम्मा होतो आणि धारा दुप्पट. वाफ दुप्पट झाली म्हणून खूष होणाऱ्याला सेलवरचा भारही दुप्पट झाला, याचे भान असतेच असे नाही.

या गणितात एक छुपा सापळाही आहे. साध्या मल्टिमीटरच्या तारांनाच ओहमच्या एक-दोन दशांशांइतका रोध असतो. मीटरने ०.३ दाखविले, तर वेटोळ्याचा खरा रोध ०.१५ असणे अशक्य नाही. हिशेब १४ अँपिअरचा आणि प्रत्यक्ष धारा २८ अँपिअरची. म्हणूनच जाणकार खास लहान रोधांसाठी केलेले मापक वापरण्याचा आग्रह धरतात, वेटोळे बसविल्यावर पुन्हा मोजतात आणि सेलच्या मर्यादेच्या बरेच आत राहतात.

मर्यादा ओलांडली की काय होते, हे रसायनशास्त्राने स्पष्ट केले आहे. सेलमधील दोन ध्रुवांमध्ये प्लॅस्टिकचा एक अत्यंत पातळ पडदा असतो. सेल तापत गेला की तो वितळतो आणि ध्रुव एकमेकांना भिडतात. उष्णता आणखी वाढते, धन ध्रुवातील ऑक्साइड प्राणवायू सोडू लागतो आणि आतील ज्वालाग्राही द्रव पेट घेतो. उष्णतेने उष्णता वाढविण्याचे हे चक्र एकदा फिरू लागले की बटण सोडून उपयोग नसतो. वायू बाहेर पडण्यासाठी नळीला पुरेशी छिद्रे नसतील, तर ती नळी बंदुकीच्या नळीसारखीच वागते, आणि तिचे एक तोंड वापरणाऱ्याच्या ओठांशी असते.

वेष्टनातील खोट

हे सारे गणित एका आकड्यावर उभे आहे. तो म्हणजे सेल किती अँपिअर पेलतो हे सांगणारा, त्याच्या वेष्टनावर छापलेला आकडा. नेमका हाच आकडा बाजारात सर्वांत कमी विश्वासार्ह असतो. नामांकित १८६५० सेलची धारणक्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. तरीही त्याच आकाराच्या सेलवर तिच्या दुप्पट-तिप्पट आकडे छापलेले सर्रास आढळतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या अथवा कारखान्यात नापास झालेल्या सेलांना नवे, रंगीत वेष्टन चढविण्याचा उद्योग जगभर चालतो. वजनातली खोट तराजूवर कळते. सेलमधली खोट मात्र तो फुटल्यावरच कळते.

शिवाय वेष्टन ही केवळ शोभा नव्हे. या सेलचे सगळे पत्र्याचे अंग ऋण ध्रुव असते आणि धन ध्रुव वरच्या टोकाशी असतो. त्या दोहोंना दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे एक लहानशी चकती आणि ते पातळ वेष्टन. ते फाटलेला सेल धातूच्या नळीत घातला किंवा सुटा सेल किल्ल्या व नाण्यांसह खिशात टाकला, की मंडल पूर्ण होते. खिशात घडलेल्या ६१ घटनांकडे या दृष्टीने पाहावे लागेल. हे सेल सुटे वापरण्यासाठी नाहीत, असे खुद्द त्यांचे उत्पादक सांगतात आणि अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही २०२१ च्या जानेवारीत तसा इशारा दिला.

कायदा आणि शहाणपण

भारताने २०१९ मध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु ज्या वस्तूला बाजारच अमान्य आहे तिचे प्रमाणही कोणी ठरवीत नाही, हे बंदीचे दुसरे अंग आहे. चोरून आलेल्या वस्तूवरचा आकडा तपासणार कोण आणि तक्रार नेणार कोठे? आणि सेल तर बंदीच्या बाहेरच आहे. तोच सेल विजेरीत आहे, पॉवर बँकेत आहे, आणि त्याच्या जातीचे शेकडो सेल विजेच्या दुचाकीत आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात अशी एक दुचाकी भररस्त्यात पेटली. देशात इतरत्रही तसे घडले, तेव्हा त्याच वर्षी वाहनांच्या बॅटऱ्यांची मानके कडक करण्यात आली. लोक जळू लागल्यावर मानके सुचतात, ही आपल्याकडील जुनी रीत येथेही मोडली नाही.

स्वतःच्या हातांनी काही करून पाहण्याच्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र यंत्रातील संरक्षक मंडल जो काढून टाकतो, तो उत्पादकाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. त्याने मोजले पाहिजे, वेष्टन तपासले पाहिजे, सेल डबीत ठेवला पाहिजे आणि शंका आली तर तो टाकून दिला पाहिजे. पण त्याने सारे काटेकोर केले आणि छापलेला आकडाच खोटा निघाला, तर त्याच्या गणिताला अर्थ उरत नाही. नागरिकाकडून सावधगिरीची अपेक्षा बाळगणाऱ्या शासनाने निदान त्याच्या हाती खरा आकडा पडेल, एवढे तरी पाहिले पाहिजे.