तहान नव्हे, कुजलेली मुळे

दुकानाच्या उद्घाटनाला किंवा गृहप्रवेशाला भेट आलेले ऑर्किड २-३ महिने फुललेले राहते. मग पाने सुरकुततात. घरातील मंडळी ती तहान समजून आणखी पाणी घालतात आणि बहुधा तेथेच रोप दगावते. अतिपाण्याने मुळे कुजलेली असतात. पानांपर्यंत पाणी पोचवणार कोण?

वनस्पतिकायाला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या घरात असे रोप कचऱ्यात टाकताना हात अडखळतो. तो अडखळावाच, कारण एक-दोन टणक मुळे उरली असतील तरी ते वाचू शकते.

बाजारात बहुतेक वेळा मिळणारे फॅलेनॉप्सिस मूळचे झाडांच्या सालीवर वाढणारे, सह्याद्रीतील सीतेच्या वेणीसारखे. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मुळांवरचे स्पंजासारखे आवरण भिजले की हिरवे दिसते, सुकले की रुपेरी. रुपेरी दिसल्यावरच पाणी द्यावे.

रोप कुंडीतून काढून मऊ, पोकळ मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावीत. फुलांचा दांडाही कापावा. मन धजत नाही, पण अडचणीतील पेढीही आधी सजावटीचा खर्चच थांबवते. नंतर सालीचे तुकडे व लोणारी कोळसा भरलेल्या, भोके असलेल्या लहान कुंडीत रोप बसवावे. उजेड भरपूर, कडक ऊन नको. नवी मुळे फुटेपर्यंत खत नाही.

पुढे कित्येक आठवडे, कधी महिनेही, काहीच घडत नाही. खालचे एखादे पानही गळते. मग एके सकाळी बुंध्याशी हिरव्या टोकाचे मूळ डोकावते.