आईबापांनी ओलांडलेली रेघ

केळापूर तहसिलीतला कोलाम अनुसूचित जमातीचा, पण त्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला राहणारा कोलाम मात्र नाही. आपल्या देशात 1977 पर्यंत असा कायदा होता, यावर आज विश्वास बसत नाही.

तेव्हा जिल्ह्यात पाच तहसिली होत्या. त्यांपैकी केळापूर, वणी आणि यवतमाळ या तिघींचीच नावं जमातींच्या यादीत होती. इतर जिल्ह्यांतल्या मेळघाट, गडचिरोली आणि सिरोंचा यांच्या जोडीला. दारव्हा आणि पुसद बाहेर. यादी ठरवणाऱ्या आदेशाची अट होती की माणूस त्या भागाचा रहिवासी हवा. गोंड असो वा कोलाम, जमात रक्तात असली तरी सवलत मुक्कामावर ठरायची. केळापूर तहसिलीतल्या पांढरकवड्याजवळच्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जन्मलेलं मूल आईबापांनी पोटासाठी पुसदला नेलं आणि तिथेच बिऱ्हाड केलं, तर त्याचा हक्क मागेच राहायचा. त्या मुलाला कुणी विचारलं होतं?

यालाच लोक क्षेत्रबंधन म्हणत. संसदेने 1976 मध्ये कायदा करून ते उठवलं, आणि 27 जुलै 1977 पासून कोलाम महाराष्ट्रात कुठेही राहिला तरी कोलामच झाला. माणसं होती तिथेच होती. बदलला तो कागद.

पण राज्यांमधली रेघ राहिली. केळापुराहून दक्षिणेला जा, पैनगंगा ओलांडा, की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कोलाम दोन्ही काठांवर आहेत आणि दोन्ही राज्यांच्या याद्यांतही आहेत. तरीही एका राज्याचा कोलाम दुसऱ्या राज्यात राहायला गेला, म्हणून तिथलं आरक्षण त्याला मिळत नाही. कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 342 मध्ये जमात ‘त्या राज्याच्या संबंधात’ ठरते.

या शब्दांची झळ मुंबईतल्या एका मुलाला बसली. तो आंध्रातल्या तेनालीचा. वडिलांना अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर सरकारी खत कंपनीत नोकरी लागली आणि त्यांच्यामागे तो नवव्या वर्षी मुंबईत आला. शिक्षण इथेच झालं. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली, तेव्हा त्याचा दाखला परराज्यातला ठरला. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. प्रत्येक राज्यातलं मागासलेपण वेगळं असतं, एका राज्याची यादी दुसऱ्या राज्यात चालवता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे: बाहेरून येणाऱ्यांमुळे स्थानिक आदिवासींच्या जागा कमी होऊ नयेत. पण नऊ वर्षांच्या मुलाने राज्य निवडलेलं नसतं, हेही तितकंच खरं.

हाच प्रश्न अमेरिकेत देशाच्या सीमेवर उभा राहिला. टेक्सासने कागदपत्रं नसलेल्या मुलांना मोफत शाळा नाकारली होती. 15 जून 1982 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देऊ नये, हा त्यामागचा विचार. बरोबर 30 वर्षांनी, 15 जून 2012 ला, ओबामा सरकारने ‘डाका’ योजना जाहीर केली: सोळाव्या वर्षाआधी आणलेल्यांपैकी अटी पूर्ण करणाऱ्यांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना. नागरिकत्व मात्र नाही.

आणखी थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. 15 जून 2012 ला ज्यांच्याकडे वैध व्हिसा होता, ती मुलं या योजनेत बसतच नाहीत. नोकरीच्या एच-1बी व्हिसावर गेलेल्या आईबापांनी रीतसर नेलेली मुलं एकविसाव्या वर्षी त्यांच्या व्हिसाच्या छत्राबाहेर पडतात. तोवर ग्रीन कार्ड मिळालं नाही, तर दुसरा व्हिसा मिळवायचा किंवा ज्या देशाची आठवणही नाही तिथे परतायचं. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीय सर्वांत जास्त खोळंबलेले असल्यामुळे हा घोर अनेक मराठी घरांनाही आहे.

तहसील, राज्य, देश: रेघ कोणतीही असो, ती मुलाने ओलांडलेली नसते. आणलं तेव्हाचं वय मोजणारी योजना करता येते, हे अमेरिकेने 2012 मध्ये दाखवलं. रेघ पुसताही येते, हे केळापूरने 1977 मध्येच पाहिलं. अनुच्छेद 342 नुसार यादीत बदल करण्याचा अधिकार संसदेकडेच आहे. लहानपणी आणलेल्या आणि इथेच शिकलेल्या आदिवासी मुलांसाठी, स्थानिकांच्या जागांना हात न लावता, वेगळी तरतूद संसदेने करावी. ही मागणी आपण आपल्या खासदारांकडे लावून धरली पाहिजे.