रिक्षाच्या दिव्याचा झोत सांभाळा

आपले अनेक बांधव रिक्षा व तीनचाकी टेम्पोवर हलाल रोजी कमावतात. मागे माल भरला की गाडीचे नाक उचलते, दिव्याचा झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. यावर आम्ही सोपा उपाय सुचवतो. चाकांत हवा पुरेशी भरा. नेहमीइतका माल ठेवून, चालकाला बसवून, सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा; तिच्याखाली ३ इंचांवर दुसरी. डिपर लावून दिव्याचा स्क्रू हळूहळू फिरवा. झोताची वरची कडा खालच्या रेघेवर यावी. झोत उजवीकडे जाऊ देऊ नका. समोरची वाहने तिकडूनच येतात. खर्च खडूच्या तुकड्याचा, पण त्याने एखाद्याचा जीव वाचेल.